रेकॉर्ड क्रमांक सतरा

पान एकशे बारा. चौदा सप्टेंबर, दुपारी तीन दहा.
अक्षर आडमुठे मॅडमचं, उजवीकडे झुकलेलं,
जणू प्रत्येक शब्दाला सांगलीवाडीची शेवटची बस गाठायचीय.
"बेन्झाल्डिहाइड. मॅलोनोनायट्राइल.
झिरकोनियमचा उत्प्रेरक, पन्नास मिलिग्रॅम.
स्वच्छ, कोरडी फ्लास्क."
आणि खाली, दोनदा अधोरेखित:
उतारा ब्याण्णव टक्के.

(वडील साखर कारखान्यात होते. त्यामुळे त्यांच्या तोंडी
कायम उतारा.)

आधीची पानं वाचताना पोटात खड्डा पडतो.
चौतीस. एकतीस. अठ्ठावीस. डांबर.
डांबर इतक्यांदा लिहिलंय की पुढे नुसतं डां.
एका पानावर एवढंच:
"वीज गेली. ढवळणं थांबलं. मीही."

नंतरची पानं त्याहून वाईट.
ब्याण्णव पुन्हा आलंच नाही.

मी त्यांची पहिली संशोधक विद्यार्थिनी, तासगावहून रोज येणारी.
द्रावक बदलला, तापमान बदललं, कंपनी बदलली,
हवेतला दमटपणा लिहायला लागलो.
एकदा मॅडम त्या दिवशीची निळी इरकल पुन्हा नेसून आल्या
आणि तेही रेकॉर्डमध्ये लिहिलं.
खोटं वाटेल. पान एकशे एकोणतीस:
"साडी तीच. उतारा तेहतीस."

लोक म्हणायचे, आडनावच आडमुठे, ही कसली सोडतेय.
पण सोडलं त्यांनी. एका मार्चमध्ये,
उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली.
मी दुसऱ्या विषयावर प्रबंध दिला, कुपवाडला एमआयडीसीत लागले.

अकरा वर्षांनी दस्तगीर मुलाणी रिटायर झाला,
लॅबचा परिचर. शाल, नारळ, कागदावर भडंग.
मॅडमनी सहज विचारलं,
दस्तगीर, काच इतकी लख्ख कशी रे ठेवायचास?
तो लाजला.
"पावडर संपली की हापिसातनं यायला महिना लागायचा, बाई.
मग मेव्हण्याच्या गुऱ्हाळावरनं राख आणायचो, कवलापूरची.
वस्त्रगाळ करून. तिच्यासारखं कुठलीच पावडर काढत न्हाई.
एकदा गणपतीच्या घाईत नीट खंगाळलं नव्हतं,
म्हटलं आता बाई वराडणार.
तर तुम्ही पेढे वाटलेत."

भडंग तोंडाशी नेलेला हात तिथंच राहिला.
मॅडम कुणाकडेच पाहत नव्हत्या.
ओठ हलत होते. पोटॅशियम. कार्बोनेट.

दस्तगीरच्या पोराला स्कूटरवर कवलापूरला पिटाळलं.
वर्तमानपत्रात बांधून राख आली, अजून कोमट.
शाल खांद्यावर तशीच घेऊन तो बेसिनशी उभा राहिला
आणि मॅडम त्याला सांगत होत्या,
घास. तशीच घास. आणि नीट खंगाळू नकोस.

झिरकोनियम घातलंच नाही.
खोलीभर कडू बदामाचा वास.
वीस मिनिटांत काचेला पांढुरके कण धरले,
जुन्या काकवीच्या तळाशी साखर धरते तसे.
उतारा अठ्ठ्याऐंशी.
"चालेल," मॅडम म्हणाल्या, आणि खुर्ची शोधायला लागल्या.

पुढे पेपर छापून आला. नावं दोन, त्यांचं आणि माझं.
राखेला तिथं म्हटलंय, कृषिजन्य अल्कधर्मी पदार्थ.

पण त्या संध्याकाळी रेकॉर्ड सतरा कपाटातून निघालं होतं.
पान एकशे बारावर "स्वच्छ" हा शब्द त्यांनी खोडला,
नियमाप्रमाणे एकच रेघ, मूळ अक्षर दिसेल अशी,
शेजारी सही, तारीख.
मग बाणाच्या वर, जिथे उत्प्रेरकाचं नाव लिहितात,
झिरकोनियमवरही तशीच रेघ मारून
लिहिलं: दस्तगिर मुलाणी.

त्यानं चष्मा कपाळावर ढकलला, वही डोळ्यांजवळ नेली.
बराच वेळ काही बोलला नाही.
"गी दीर्घ हाय, बाई."

मॅडमनी पुन्हा एक रेघ मारली.
सही केली. तारीख घातली.